निरोगी माणसाची जागा

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. शाळांचे गणवेश संपता संपत नाहीत, कात्रीने अंगठ्याला घट्टा पडलाय. आई तुझ्या नावाने रोज कुरकुरते, म्हणजे ठणठणीत आहे.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. आतड्याच्या सुजेवरचं, सलाईनमधून घ्यायचं औषध तू बंद केलंस म्हणे. वर तिलाच ऐकवलंस, "प्रतिकारशक्ती म्हणजे आपल्याच शरीराची फौज आहे, तिला कशाला गप्प बसवायचं?"

परवा तुझ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांच्या अभ्यासाला रुग्णांच्या निरोगी भावंडांच्या आतड्याचे नमुने हवे होते, आणि दगड पचवणारी पहिलवान म्हणून तूच माझं नाव पुढे केलं होतंस, आठवतं ना? त्यांना तुझा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, आतड्यातल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. जंतू शिरला की "धावा" असा निरोप जातो, फौज येते, काम झालं की निरोप थांबतात. तुझे थांबतच नाहीत. आलेली पेशी आणखी निरोप सोडते, आणि मारायला कुणी नसलं की फौज आतड्याच्याच अस्तरावर तुटून पडते. सूज, जखमा, रक्त, सगळं त्यातून.

मला आपली आत्या आठवली. आजोबा नुसते शिंकले तरी ती चार घरी फोन करायची, ते आणखी चार घरी. आजोबा फिरायला निघून गेले तरी माणसं येतच राहायची, आणि आपल्या घरात एक खुर्ची धड उरायची नाही. औषध फौज मारत नाही रे, आत्याच्या हातातला फोन काढून घेतं. जंतूंपासून जरा जपावं लागतं, ते खरं.

बरं वाटतंय म्हणून सोडलंस ना? बरं वाटतंय ते त्याच्याचमुळे, गाढवा. सारखं संडासला धावावं लागतं म्हणून बस चालवायची नोकरी सोडलीस तेव्हा माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून किती रडलास, ते मी विसरलेले नाही.

आता खरं सांगते. मघापासून कात्री आणि आत्या करत वेळ काढतेय. बाईंच्या अभ्यासाच्या कागदावर निरोगी म्हणून मी सही केली खरी, पण त्याआधीपासूनच कापड बेतताना मला मध्येच उठून धावावं लागत होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईंना फोन आला. स्वतःला तपासून घ्यायचा धीर होत नव्हता, भावाला मदत म्हणून जायला सोपं वाटलं. माझ्या नमुन्यात तेच निरोप निघाले आणि तीच सूज. निरोगी माणसाच्या जागी आता दुसऱ्या कुणाला घेतलंय.

आईला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी मला औषधाचा पहिला डोस आहे. शेजारची खुर्ची तुझ्या डोससाठी मागून ठेवली आहे, बाई हो म्हणाल्या. इतकी वर्षं "काही होत नाही गं" असं मला खोटंच सांगत आलास, या वेळी शेजारी बसून सांग. मला फार भीती वाटते रे.

तुझीच,
पहिलवान