आत उघडणारं दार

७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी जुनी चाकांची खुर्ची काल टेम्पोने पोचली. उपकार झाले, पण डावा ब्रेक धड लागत नाही हे चिठ्ठीत लिहायला काय झालं होतं? सकाळी कपाट उघडायला गेलो आणि घरंगळत थेट स्वयंपाकघरात पोचलो. बायको हसून हसून खाली बसली.

पाय कसा मोडला ते तिने सांगितलंच असेल. रंगाऱ्याला अक्कल शिकवायला मी त्याच्या शिडीच्या घोड्यावर चढलो आणि चढलो त्याच्या दुप्पट वेगाने खाली आलो. सहा आठवडे प्लॅस्टर. आज चौथाच दिवस आहे आणि मला वेड लागायची पाळी आली आहे. खिडकीपाशी जातो, दारापाशी येतो, उंबरठा आडवा येतो, की परत खिडकी. वरच्या फळीवरचा चष्मा हवा तरी कुणाला तरी हाक मारायची. तू हे बावीस वर्षं कसं करतेस, हे आज पहिल्यांदा विचारतो आहे.

एक कामाचं. मी नकाशा काढलेल्या वाचनालयात जुन्या पुस्तकांच्या बांधणीची जागा पुन्हा रिकामी झाली आहे. ग्रंथपालबाई अजून तुझंच नाव घेतात. महिनाअखेर उत्तर हवं. तीन वर्षांपूर्वी तू कारण न देता नाही म्हणालीस. उद्घाटनालाही तुझं चहा नको, पाणी नको, आणि माझा सत्कार व्हायच्या आत तू गेलीससुद्धा. ते मला अजून लागतं. आता तरी हट्ट सोड.

या चिडचिडीसकट लोभ राहू दे.

तुझा,
ठोकळ्या


१२ मार्च

चि. ठोकळ्यास अ. उ. आ.

ब्रेक आधी थोडा वर उचलायचा आणि मग दाबायचा. चिठ्ठीत लिहिणार होते, पण म्हटलं घेऊ दे जरा मजा.

तुझी तडफड मला कळते. पण खरं सांगू, पत्र वाचून तुझा रागही आला. तुझ्या प्लॅस्टरला निघायची तारीख आहे.

वाचनालयाला माझा नकार कळव. हौस नाही असं समजू नकोस. घरी बसून वह्यांना पुठ्ठे चिकटवण्याचा मला वीट आला आहे, आणि त्या जुन्या पुस्तकांना हात लावायला मिळावा म्हणून जीव तुटतो. तरी नकोच. कारण हवंच असेल तर खुर्ची घेऊन एक दिवस तिथे जाऊन बस. जाताना नेहमीसारखा तीन कप चहा पिऊन जा.

माया पातळ होऊ देऊ नकोस. तुझ्या बायकोला सांग, तुला फार लाडावू नये.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल गेलो. तीन कप चहा पिऊनच गेलो.

खुर्च्यांसाठी केलेल्या उताराच्या वाटेने चाकं ढकलत वर पोचायला दोनदा थांबावं लागलं. तरी मी खूश होतो, वाट मीच आखलेली होती ना! अकराच्या सुमारास व्हायचं ते झालं. खुर्चीवाल्यांसाठी मुद्दाम ठेवलेल्या बाथरूममध्ये शिरलो. त्याचं दार आत उघडतं. खुर्ची आत गेली की दार लागत नाही, दार लावायचं तर खुर्ची बाहेर. मी पुढे केली, मागे केली, तिरकी केली, घामाघूम झालो. नकाशात मी खोली मोजली, दार मोजलं, खुर्ची आत असताना दार मोजलं नाही. बाहेरून माणसं जात होती. शेवटी रखवालदाराला हाक मारली. तो उघड्या दारात पाठ करून उभा राहिला, आणि त्या खोलीचा नकाशा काढणारा मी, मान खाली घालून बसलो.

बाहेर आल्यावर तो म्हणाला की वाईट वाटून घेऊ नका, उद्घाटनाच्या दिवशी एका बाईंसाठीही मी असाच उभा होतो, त्यांनी कुणाला सांगू नको म्हणून हात जोडले होते.

ताई, मी तेव्हा बाहेर हार घालून घेत होतो. आणि तीन वर्षं तुला हट्टी म्हणत घरभर सांगत फिरलो. मला झोप नाही, जेवण गोड लागत नाही. तू बोलली का नाहीस?

सुताराला आजच बोलावलं. दार काढून बाहेर उघडेल असं उलटं बसवतो आहे. ग्रंथपालबाईंना तुझा नकार कळवलेला नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

ठोकळ्या


२५ मार्च

चि. ठोकळ्यास अ. उ. आ.

त्या दिवशी बोलले असते तर सत्कारात तुझा चेहरा पडला असता. नंतर सांगायचं राहिलं, आणि राहिलेलं मनात नासत गेलं. चूक माझीही आहे.

तुझं प्लॅस्टर निघेल आणि तू पुन्हा दोन-दोन पायऱ्या चढशील. खुशाल चढ. फक्त ती खुर्ची मला परत पाठवू नकोस. कचेरीत ठेव, आणि नकाशावर सही करण्याआधी तिच्यात बसून दार लावून बघ.

एक तुला कधीच सांगितलं नाही. कुठेही जायचं असलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करते. बावीस वर्षं. उद्घाटनाला तू भरलेला पेला पुढे केलास आणि मी तोंड फिरवलं, ते त्यामुळे.

ग्रंथपालबाईंना सांग, सोमवारी काम बघायला येते. तू दारापाशी थांब. आणि रखवालदाराला म्हणावं, या वेळी उभं राहायला नको.

माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे. सोमवारी मी घरून दोन पेले पाणी पिऊन निघेन.

तुझी,
ताई