डोकं आणि काळीज

प्रिय बुटके,

आता तू माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहेस, पण माझ्या तोंडात हेच नाव बसलंय. फोनवर सांगायचा प्रयत्न केला, पण दरवेळी हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. तू विचारलंसही, "ताई, काही झालंय का?" मी म्हटलं, "छे गं." म्हणून शेवटी कागद घेतला. तुझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाचू नकोस. घरी जा, चप्पल काढ, बस, मग वाच.

तू माझ्या कामाचं विचारतेस आणि मी "शेवाळ बघतेय" म्हणून उडवून लावते. आज नीट सांगते. बाबा त्यांच्या होडीतून आमच्या लोकांना प्रवाळाच्या खडकांवर नेतात. पाणबुडे तळाचं शेवाळ हलक्या हाताने पिशवीत भरून आणतात. प्रयोगशाळेत ते समुद्राच्याच पाण्यात खळखळून हलवायचं, गाळायचं, आणि गाळणीत उरेल त्याचा एक थेंब काचेवर घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते माझे गडी: मसुराच्या दाण्यासारखे चपटे, एका पेशीचे जीव, अंगभर चिलखताचे तुकडे जोडलेले. हे पाण्यात फारसे भटकत नाहीत, तळाशी शेवाळाला चिकटून राहतात. काही जाती गरीब, काही जहरी, आणि दिसायला सगळे सख्खे भाऊ! मग रंग घालून चिलखताचा एकेक तुकडा ताडून बघायचा, तेवढ्यानं भागलं नाही तर जनुकं तपासायची. मान मोडून येते. बाबा जेटीवर सांगत असतात, "आमच्या थोरलीला समुद्रातली धूळ पुसायचा पगार मिळतो."

यंदा त्यात जहरी जात सापडली. पूर्वी थंडीत इथलं पाणी चांगलं गार पडायचं, आता तसं पडत नाही, त्यामुळे तिचं फावलंय. शेवाळ खाणाऱ्या लहान माशांत हे विष जातं, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातं. मासा मात्र ठणठणीत. वास नाही, चव नाही. शिजवा, तळा, बर्फात ठेवा, विष तसंच राहतं. बाबा त्याच खडकांवर गळ टाकतात, म्हणून मी सगळ्यात आधी त्यांना बोलावून दाखवलं. एक डोळा घट्ट मिटून ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "एवढंसं? आणि माशात सगळ्यात जास्त कुठे असतं गं?" मी पुढची काच लावत होते. मान वर न करताच म्हटलं, "डोक्यात आणि काळजात." काच लावून झाल्यावर वळून बघितलं. बाबा भिंतीला टेकले होते.

तुला ते जेवण आठवतं ना. सातव्या महिन्यात तू माहेरी आली होतीस आणि बाबा तो भलामोठा मासा खांद्यावर टाकून गल्लीतून मिरवत आले होते. डोकं आणि काळीज त्यांनी कुणाला हात लावू दिलं नाही, स्वतःच्या हाताने तुझ्या ताटात वाढलं. "दोघींसाठी आहे," म्हणाले. मुलगीच होणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आम्हाला नुसता जुलाबांचा त्रास झाला, एकमेकांना हसत काढला. तुझे ओठ बधिर झाले, अंगाला खाज सुटली, आणि हात धुताना तू किंचाळलीस, "नळाचं पाणी भाजतंय!" डॉक्टर म्हणाले, मनावर ताण आलाय. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, नखरे. मग पोटातली हालचाल थांबली.

त्या दवाखान्यात माझा हात धरून तू म्हणालीस, "ताई, मी खिडकी पुसायला स्टुलावर चढले होते गं." तेव्हापासून आजवर तू त्या स्टुलावरून उतरलेली नाहीस. सासूबाईंनी तेच धरून ठेवलं. नवरा काही बोललाच नाही, आणि त्याचं न बोलणं सोसेना म्हणून तू तो गाव सोडलास, आम्हालाही सोडलंस.

भिंतीला टेकलेल्या बाबांनी एवढंच विचारलं, "तेव्हाही होतं का हे?" मी "माहीत नाही" म्हणून सोडून देऊ शकले असते. पण प्रयोगशाळेच्या कपाटात त्या वर्षीच्या शेवाळाच्या बाटल्या आहेत, माझ्या आधीच्या लोकांनी औषध घालून ठेवलेल्या, कुणी न उघडलेल्या. त्या उघडल्या. होतं, बुटके. भरपूर होतं. पोटातलं बाळ त्यानंच गेलं, असं छातीठोकपणे आता कुणीच सांगू शकणार नाही. तो मासा उरला नाही, तुझं रक्त कुणी तपासलं नाही. पण गार पाणी भाजणं ही या विषाची खूण आहे, पुस्तकात छापलेली. तू नखरे करत नव्हतीस. स्टुलानं काही झालं नाही. तुझं काहीही चुकलं नव्हतं, ऐकतेस ना? हे कळल्यावर मला क्षणभर इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडले. मग लक्षात आलं, तू सुटतेस त्याच वाक्यात बाबा अडकतात.

"तुम्हाला कसं कळणार होतं?" असं मी त्यांना किती वेळा म्हटलं. ते "हो" म्हणतात. पण आता कुणाच्या ताटात वाढत नाहीत. भांडं माझ्याकडे सरकवतात, "तूच घे." रोज सकाळी मासळीबाजाराच्या दारात उभे राहून लोकांना सांगतात, त्या खडकांवरचे मोठे मासे घेऊ नका. पहिल्यांदा सगळे हसले, म्हाताऱ्याला पोरीनं घाबरवलं म्हणाले. तेव्हा ते भर बाजारात म्हणाले, "माझी नात गेली त्यात." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'नात' हा शब्द मी ऐकला नव्हता. कुणी हसलं नाही मग. मी मासळी घ्यायला आत गेले होते, हातातली टोपली खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

रविवारी ते तुझ्याकडे येतायत. मी म्हटलं, फोन करून सांगते. म्हणाले, "नाही, तिच्यासमोर उभं राहून मी सांगणार." हे पत्र मी त्यांना न सांगता लिहितेय, कारण हे तू पहिल्यांदा ऐकताना तुझा चेहरा त्यांनी बघू नये असं मला वाटतं. त्यांना नाही सोसायचं, आणि तुलाही ते समोर असताना मोकळेपणी रडता यायचं नाही. तेव्हा काय रडायचं, ओरडायचं, फेकायचं ते आधी करून घे. त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही, त्यात माफ करण्यासारखं काही आहे की नाही हेही मला कळत नाही. फक्त बेल वाजली की दार उघड. ते एकदाच वाजवतील. उघडलं नाहीस तर दुसऱ्यांदा वाजवायचा धीर त्यांना होणार नाही, आणि परत फिरायचाही नाही.

उत्तराची घाई नसलेली, तुझीच,
ताई