झडप माझीच, कापड त्यांचं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (वाकायला अजून महिनाभर मनाई आहे, तेव्हा कागदावरच घे). तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे खुशाल. म्हणजे, आता खुशाल.

गणवेशांच्या मोठ्या कामासाठी परगावी जातोय, असं मी मागच्या महिन्यात सांगितलं होतं ना, ती थाप होती. मी इस्पितळात होतो. रागावू नकोस, निदान पत्र संपेपर्यंत तरी. झालं असं, की एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेता घेता मी त्याच्याच अंगावर कलंडलो. बिचाऱ्याने गळ्यात टेप तशीच ठेवून मला इस्पितळात पोचवलं (कोट अजून व्हायचाय). तपासणीत निघालं, की हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली आहे, त्यामुळे झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत आणि रक्त मागे गळतं. चाळीस वर्षं लोकांच्या छातीची मापं घेतली, स्वतःची आतून सैल झालेली कळली नाही.

सर्जनबाई म्हणाल्या, पाकळ्या धडधाकट आहेत, टाकायच्या कशाला? फुगलेला भाग काढून तिथे कापडाची नळी लावू आणि तुमचीच झडप तिच्या आत शिवू. नाहीच जमलं तर धातूची बसवू, मग जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. मी विचारलं, कापड कोणतं? तर म्हणे पॉलिस्टर. ताई, ज्या कापडाला मी दुकानाची पायरी चढू दिली नाही, ते थेट काळजात! तुझी भावजय त्या आठवड्यात तेव्हा पहिल्यांदा हसली. मग संमतीच्या कागदावर माझी वेडीवाकडी सही बघून पुन्हा रडायला लागली.

शुद्धीवर आलो, घशातली नळी निघाली, तसं मी पहिलं विचारलं, "कोणती बसवली?"

"तुमचीच आहे," बाई म्हणाल्या. "कापड तेवढं माझं."

मी तोंड भिंतीकडे वळवलं (नर्ससमोर बरं दिसत नाही). दुसऱ्या दिवशी टाका कोणता घातला, ते विचारून घेतलं. काम नीट आहे. मी ठेवलं असतं त्यांना दुकानात.

तुझा,
धाकटा

ता. क. भावजयीला बोलू नकोस. गप्प राहायची शपथ मीच घातली होती.

आणखी एक ता. क. खरं पत्र इथून. बाई म्हणतात, हे दुखणं भावंडांत असू शकतं. गेल्या खेपेला जिन्यात मध्येच थांबून तू मला भिंतीचा उडालेला रंग दाखवत होतीस. कलंडण्याआधी मीही महिनाभर असेच रंग बघत होतो, ताई. बुधवारी दहाला तुझ्या हृदयाच्या सोनोग्राफीची वेळ घेतली आहे. भांडायचं असेल तर तिथेच ये, मी दारात उभा असेन.