तुतीची ओली वाटी

सोमवार, ४ मार्च

टप् टप् टपाटप! मागच्या पत्र्यावर तुती पडायच्या. लहानपणी ताई वर फांदी हलवायची, मी खाली सदऱ्याची झोळी करून उभा – तोंड उघडं! आज दिवसभर करवत घरघरत होती, आणि तिच्याआडून मला तोच आवाज येत राहिला.

परवाच्या वाऱ्याने झाड मोडलं. बुंधा आतून पिवळाधमक. हात लावला तर बोटं भिजली.

ताईला फोन केला. अंथरुणातून तिचा आवाज येतो, कापसातून आल्यासारखा. "मला काय ठेवलंस?" मी बोलून गेलो – वाटी करून आणतो! जन्मात साधी खुंटी केलेली नाही.

नंतर भाचा हळूच म्हणाला, "मामा, फार दिवस नका लावू. तिला आता हलवायचंही नाही म्हणतात डॉक्टर."

गुरुवार, ७ मार्च

गल्लीतल्या कातारीबुवांनी त्यांचा लाकूड फिरवायचा लेथ वापरू दिला. ओंडका उभा चिरायचा, मधला गाभा काढून टाकायचा – तडा तिथूनच जातो. पटाशी नुसती टेकवायची. मी आपला अंग घालून दाबतोय! बुवा म्हणाले, "काका, लाकडाला फिरू द्या, तुम्ही कशाला फिरताय?"

पण काय सुख आहे हे! ओल्या लाकडाच्या लांबच लांब रिबिनी उडतात. चष्म्यावर रसाचे थेंब. जग सगळं पिवळं, धूसर. लेथ लयीत आला की भुजंगप्रयात आपोआप ओठांवर येतो. शाळेतली कविता म्हणत राहिलो. तिसरं कडवं आठवेना. तिथे अडलो की ताई पुढचा शब्द सांगायची, वर एक टपली.

शनिवार, ९ मार्च

वाटी झाली! लवकर वाळावी म्हणून गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. सूनबाई म्हणे, "बाबा, उशीचे अभ्रे घालतात तशी वाटी वाळत घातलीत?"

दुपारी – फट्! काठापासून बुडापर्यंत तडा.

कातारीबुवांनी कपाळाला हात लावला. "ओलं लाकूड उन्हात? अहो, जाड ठेवायचं, त्याच्याच भुशात, कागदी पिशवीत. सहा महिने सावलीत." सहा महिने! ते मी कुठून आणू?

रविवार, १० मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

सोमवार, ११ मार्च

बुवाच म्हणाले, "दुसरी पातळ काढा. वाकेल, पण तडकायची नाही. निदान आठवडाभर पिशवीत राहू द्या."

काढली. इतकी पातळ की दिव्यासमोर धरली तर बोटांची सावली दिसते! शेवटच्या फेऱ्याला श्वास रोखून धरला होता. संध्याकाळपर्यंत काठ लांबट झाला – कान दिलेल्या माणसासारखा. ओल गेलेली नाही. अशी ओली वस्तू तिच्या हातात कशी द्यायची? पण आठवडा…

भाच्याला तीनदा फोन केला. उचलत नाही. घरचा फोनही कुणी उचलत नाही. नको ते मनात येतंय.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी दार वाजलं. दूधवाला म्हणून उघडलं – समोर भाचा. हातांवर शालीत गुंडाळलेली ताई, एवढीशी!

"ऐकतेय कुठे, मामा! काल दिवसभर भांडली नुसती, फोनही उचलू दिला नाही," तो म्हणाला.

"वाटी वाळायची वाट बघत बसले तर मीच वाळून जाईन," ताई म्हणाली. "आण इकडे. ओलीच दे."