बूट काढून बसायची व्होल्गा

नारिन,
१९ ऑगस्ट २००८

ज्येष्ठ भगिनी बुरुलचा हिस, धाकट्या सागिनचा सादर प्रणाम.

येथील सर्व कुशल. बाबांचे गुडघे आणि नगरपालिकेचे नळ आपापल्या मर्जीने चालतात. करड्या घोडीला शिंगरू झाले. कारागांदाची थंडी आणि ओत्तोभावजींचे विनोद तुला अद्याप सोसवत असतील, अशी आशा करतो.

माझा एलदियार पुढील महिन्यात चतुर्भुज होत आहे. वधू आणायची ती बाबांच्या जुन्या व्होल्गातूनच, अशी पित्राज्ञा झाली. तेव्हा त्या वंदनीय वाहनाच्या अंतरंगाचा जीर्णोद्धार इतिहासाच्या एका शिक्षकाने, म्हणजे अस्मादिकांनी, हाती घेतला. दारांच्या आतल्या बाजूचा पुठ्ठा ओल पिऊन पोट सुटल्यासारखा फुगला होता. जुन्या पुठ्ठ्यावरून नवी पातळ फळी आखली, भोके पाडली, तांबडे रेक्झिन ताणून चिकटवले आणि क्लिपा ठोकून बसवली. एका दाराचे हँडल फिरवले की काच वर जाण्याऐवजी केवळ निःश्वास टाकते, तरीही बाबा म्हणाले, "चालेल." त्यांच्या मुखातून हे म्हणजे पदवीदान.

राहिला तळ. तू गेल्यानंतर बाबांनी एक दंडक काढला होता, तो तुला कधी कळवला नाही: मागच्या आसनावर बसायचे तर बूट हातात धरून. आमच्या मुख्याध्यापकांच्या मोज्यांची भोके अवघ्या नारिनने पाहिली ती त्यामुळेच. आम्ही या प्रकाराला वार्धक्य समजलो.

आता टाळण्याजोगे काही उरले नाही, म्हणून लिहितो.

काल सकाळी दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या काढून मागचा जुना गालिचा उचलला. खाली काळपट, जाड लोकरी नमदा अंथरलेला. मला वाटले, आवाज दबावा म्हणून कारखान्यानेच घातला असेल. नवा गालिचा बेतण्यासाठी नमदा सपाट हवा होता, आणि मधल्या उंचवट्यावर तो अडत होता. सुरी घेतली आणि वीतभर चीर दिली. मग उलटा केला.

पांढऱ्यावर तांबडी मेंढ्याची शिंगे.

बुरुलचा, मी गाडीच्या तळावरच बसलो. आपल्या बैठकीत तांबड्यावर पांढऱ्या शिंगांचा शिर्दाक, म्हणजे आईच्या हातचा नक्षीचा नमदा आहे, ज्यावर मी रोज चहा पितो, त्याचा हा जोडीदार. आईने दोन्ही नमदे एकावर एक ठेवून एकदाच कापले होते. याचे शिंग त्यात आणि त्याचे यात. एक घराला, दुसरा तुझ्या पाठवणीला. तू न विचारता जर्मन ओत्तोबरोबर निघून गेलीस त्या संध्याकाळी बाबांनी तो फरफटत अंगणात नेला, फाटक लावले आणि काळा धूर निघाला. "मुलगीही जळाली," असे ते सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. आई कणीक मळता मळता एवढेच पुटपुटली, "लोकर जळली की असा वास येत नाही." इतिहासाच्या शिक्षकाने हा पुरावा तपासलाच नाही. जळत होते ते व्होल्गाचे रबरी पायपुसणे.

बाबा काठी टेकत आले तेव्हा शिर्दाक माझ्या मांडीवर होता.

"कोणी कापला?"

"मी."

"डोळे विकलेस?"

"उलटा होता, बाबा."

"उलटाच घालणार! सुलटा घालून गावाला दाखवू?" मग माझ्या पायांकडे पाहून ते ओरडले, "आणि बूट काढ आधी, गाढवा!"

मी काढले. ते दारात टेकले. चिरेवरून त्यांनी बोट फिरवले.

"शिवून टाक," ते म्हणाले.

"तो टाका मला येत नाही. आईला येत होता."

"आईनं शिकवलाय एकीला."

नाव नाही घेतले. तुझे नाव त्या घटनेनंतर त्यांनी घेतलेलेच नाही, हे तुझ्यापासून माझ्या प्रत्येक पत्रातून मी चतुराईने लपवत आलो. मी विचारले, "बोलावू का?"

"मी बोलावलं असं लिहायचं नाही."

"नाही लिहीत."

ते उठले, फाटकापर्यंत गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, "त्या जर्मनाला काचेचं काम जमतं का विचार. दार कण्हतंय."

सबब बाबांनी तुला बोलावलेले नाही, हे मी येथे विधिवत नमूद करतो. शिर्दाक झटकून त्यांच्या पलंगाशेजारी ठेवला आहे. उचलू देत नाहीत. नवा गालिचा गुंडाळून भिंतीला उभा आहे, आणि व्होल्गाचा तळ उघडा पत्रा आहे. लग्नाच्या दिवशी तो तसाच राहिला तरी चालेल, पण नवा गालिचा चिकटवणार नाही. सुई येथे मिळेल. जाड दोरा तेवढा तू आण.

तुझा,
अनवाणी धाकटा
सागिन