ऊठ कुणी म्हणायचं?

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे, तुमचीही खुशाली कळत राहावी. मामींचा गुडघा कसा आहे? (मी पाठवलेल्या चष्म्यातून त्यांना पायरी दोनदा दिसली हे खरं, पण पडल्या त्या एकदाच.) तुम्ही दोघं आता कायमचे परत येताय हे वाचल्यापासून आनंदाने मला झोप लागेनाशी झाली आहे.

मामा, तुम्ही माझ्याकडून कधी भाडं घेतलं नाहीत. भाच्याकडून कसलं भाडं, म्हणालात आणि किल्ली हातावर ठेवलीत. त्यामुळे भाडं नेमकं कशाचं घेतात हे मला शिकायलाच मिळालं नाही. तुम्ही लेकीकडे गेल्यावर मला एकट्याला करमेना, म्हणून आतल्या खोलीत (म्हणजे तुमच्याच, पण रिकामी होती) एक कंपाउंडर ठेवला. माणूस सज्जन, बोलणं मोजकं. पहिलं भाडं देताना त्याने सहज विचारलं, की याच्या बदल्यात तुम्ही काय करता? आमच्या चष्म्याच्या दुकानात असं कुणी विचारत नाही, तिथे काच समोर दिसते. मी म्हटलं, खोली दिली. तो म्हणाला, खोली तर आधीपासून होतीच. आता याला खोटं कसं म्हणू?

तेव्हापासून डोक्याचा पार भुगा झालाय. फुकटचं खाऊ नये म्हणून मी कामाला लागलो. त्याच्याकडचा नळ गळत होता, तो चष्म्याच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने आवळायला गेलो. (आमच्या धंद्यात सगळं त्यानेच आवळतात.) नळ हातात आला. पाणी तुमच्या कपाटापर्यंत गेलं. कंपाउंडरने माझा टॉवेल पाइपात कोंबला, प्लंबर आणला, त्याचे पैसे दिले आणि वर मलाच चहा पाजला. पुढे दाराची कुरकुरही त्यानेच घालवली. म्हणजे करणार सगळं तो आणि भाडं घेणार मी. मग मालक लागतो कशाला? पण मालक नसता तर हा राहिला कुठे असता? मी त्यालाच विचारलं. म्हणाला, इथेच. इथवर आलो की माझी गाडी अडते.

शेवटी विचारलं, मग तुम्ही भाडं देता तरी का? तो म्हणाला, "पूर्वी काकांकडे फुकट राहायचो. पाहुणे आले की मला म्हणायचे, ऊठ, बाहेर झोप. आता भाडं देतो ते कुणी ऊठ म्हणू नये म्हणून."

मला गलबलून आलं. मामा, इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी ऊठ म्हणाला नाहीत, आणि तेही फुकटात. मग जे तो विकत घेतो ते तुम्ही मला नुसतंच दिलंत, त्याची किंमत काही नाही म्हणायची की फार म्हणायची? आणि त्याच्याकडून मी पैसे घेतले ते कशाचे? मला खरंच कळेनासं झालंय.

मामींना नमस्कार.

तुमचा गोंधळलेला भाचा

ता. क. तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत झोपाल का? मी दुकानात पथारी टाकेन. त्याला ऊठ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक ता. क. घर माझं आहे अशी कंपाउंडरची समजूत आहे. (मी ती करून दिली नाही, फक्त मोडली नाही.) घरात दोन माणसं वाढणार तर त्यांनीही भाड्याला हातभार लावावा, असं त्याचं म्हणणं पडलं. तुम्ही काळजी करू नका. मामींचं मी पूर्ण माफ करून घेतलंय, आणि तुमचं निम्म्यावर आणलंय.