दादाची चप्पल

उंब्रज, मार्च १९७४, सोमवार संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळलं, नुसती चिडचिडच उतरली असती. मिरजेच्या डॉक्टरांनी दादाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे नसांचा आजार, सांगितलंय; चालताना झोक जातो, म्हणून गावाला मात्र तो प्यालेलाच वाटतो. आज बाजारात (कलिंगडं लय स्वस्त!) त्याची चप्पल गळून पडली, बधिर पायाला कळलंही नाही. पानवाला हसला, "दिवसाढवळ्याच व्हय रं?" मी दादावरच ओरडलो आणि चप्पल तिथंच सोडून त्याला घरी आणलं. त्या चपलेला मागून पट्टा वहिनी शिवायची. तो उसवलाय, मला शिवता येत नाही. वहिनी थकून महिन्यापूर्वी माहेरी वाईला गेली, परत येणार नाही म्हणाली. मग मीच का अडकू? उद्या पहाटेची एसटी धरतो. पण दादाला आंघोळ कोण घालणार?

कडी वाजतेय. वहिनी! हातात तीच चप्पल. "आवं भावजी, एष्टीतनं उतरले तर बाजारात ही पडलेली दिसली. सुई-दोरा कुठं ठिवलाय?"